गिअर ‘पडंना’, ‘निघंना’, ‘खरखरतो’, ‘उडतो’: नेमका शब्द कोणता?

लातूरकर: मॅन्युअल गिअरच्या स्पोर्ट्‌स कारची माहिती मराठीत लिहायला घेतली आहे. ‘गिअर बदलताना अडचण येते’ हे वाक्य व्याकरणाला बरोबर आहे, पण तेवढ्यावरून गॅरेजात मिस्त्रीला काहीच उमगत नाही. आमच्याकडं ‘गिअर पडंना’ म्हणतात, संभाजीनगरात ‘गिअर अटकतोय’ म्हणतात. दोन्हीचा अर्थ एकच का? सरसकट ‘अडकणे’ लिहिलं तर चालेल?

वाळूजकर: सरसकट नका लिहू, दादा. ‘अटकणे’ म्हणा की ‘अडकणे’, काहीतरी हलत नाही एवढंच त्यातून कळतं. गिअरच्या तक्रारी चार जातीच्या असतात आणि चौघींना आपल्या बोलीत वेगवेगळं क्रियापद तयार आहे.

‘पडत नाही’ म्हणजे दांडा रेटूनही आत जात नाही. उभ्या गाडीत पहिला आणि रिव्हर्स पडत नसेल तर बहुतेक वेळा गिअरबॉक्स निर्दोष असतो, खोट क्लचमध्ये असते. इंजिन बंद करून बघायचं. बंद इंजिनवर सगळे गिअर सहज पडले आणि चालू केल्यावर पडेनासे झाले, तर पेडल तळापर्यंत दाबूनही क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकापासून) पुरती वेगळी होत नाही. बंद इंजिनवरही दांडा जड असेल तर केबल, बुश, लिंकेज किंवा ऑइल बघा. (बंद इंजिनवर एखादा गिअर दातावर दात येऊन थांबतो. गाडी वीतभर ढकलली की पडतो. तो दोष नव्हे.)

‘निघत नाही’ म्हणजे पडलेला गिअर न्यूट्रलला येत नाही. इथंही आधी क्लच तपासायचा, मग सिलेक्टर फोर्क, म्हणजे गिअर जोडणारं कडं सरकवणारा चिमटा.

‘खरखरतो’ ही मुख्यतः चालत्या गाडीची तक्रार. वेग जुळवणारी पितळी सिंक्रो रिंग झिजली की आवाज येतो, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या किंवा तिसऱ्यात. कितव्याला खरखरतो ते लिहिलंच पाहिजे. एकाच गिअरला आवाज असेल तर त्या गिअरची रिंग, सगळ्यांनाच असेल तर पुन्हा क्लच.

‘उडतो’ किंवा ‘सटकतो’ म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा पाय काढताच गिअर आपोआप न्यूट्रलला येतो. स्लीव्हचे (गिअर जोडणाऱ्या त्या सरकत्या कड्याचे) दात गोल झालेले असतात किंवा दांडा जागेवर धरणारी स्प्रिंग ढिली पडलेली असते.

परभणीकर: खरखरण्याला ‘गिअरचे दात घासतात’ असं सर्रास लिहितात, ते दुरुस्त करायला हवं. आजच्या गिअरबॉक्समध्ये पुढच्या गिअरच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्याच असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा फक्त स्लीव्ह सरकते आणि गिअरच्या कडेला असलेल्या बारीक दातांवर बसते. घासतात ते हे कडेचे दात. रिव्हर्सला मात्र बऱ्याच गाड्यांत सिंक्रो नसतो आणि तिथं खरोखर एक चाक दुसऱ्यात सरकवलं जातं. म्हणून गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून, ३-४ सेकंद थांबून मगच रिव्हर्स टाकायचा. एवढं थांबूनही खरखर झाली तर बहुधा क्लच ओढतोय, म्हणजे पेडल दाबूनही प्लेट पुरती सुटत नाही.

लातूरकर: ‘क्लच ओढतोय’ आणि ‘क्लच सुटत नाही’ एकच ना? मग ‘क्लच सोडणे’ म्हणजे काय? माझा गोंधळ इथंच होतोय.

वाळूजकर: हो, ती दोन्ही एकच. पण गोंधळ होणारच, कारण एकाच क्रियापदाला दोन उलटे अर्थ आहेत. ‘क्लच सोडला’ म्हणजे पेडलवरचा पाय उचलला, तेव्हा प्लेट फ्लायव्हीलला धरते. ‘क्लच सुटला’ म्हणजे प्लेट वेगळी झाली, आणि ते पेडल दाबल्यावर होतं. लेखात ‘पेडल सोडले’ आणि ‘प्लेट सुटली’ असं कर्त्यासकट लिहा. ‘क्लच धरत नाही’ ही तिसरीच तक्रार. त्यात इंजिनाचे फेरे वाढतात पण गाडी पळत नाही. गिअर न पडण्याशी तिचा संबंध नाही.

प्लेट सुटत नसेल तर सगळ्यात आधी पायाखालचं जाड मॅट काढा. पेडल तळाला टेकतच नसेल तर पुढचं सगळं तपासणं वाया जातं. मग पेडल भराभर दोन-तीनदा पंप करून गिअर टाका. त्यानं पडला तर हायड्रॉलिक लाइनमध्ये (पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत नेणाऱ्या नळीत) हवा आहे किंवा पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरचं सील गेलंय. हवा काढायला दोघं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं क्लचकडचं हवा काढायचं निपल उघडून तेल-बुडबुडे काढून निपल बंद करायचं, आणि निपल बंद झाल्यावरच पेडल सोडायचं. हा क्रम चुकला की हवा परत आत. या लाइनमधलं डॉट ४ तेल हवेतलं पाणी ओढतं: कोरड्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओलं झाल्यावर तो १५५ पर्यंत उतरलेला चालतो. म्हणून दर २ वर्षांनी बदला. रंगावर सांडू देऊ नका, रंग उचलतो.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं इंजिनाकडचं टोक धरणारं बेअरिंग) जाम झालं तरी लक्षण हेच दिसतं. क्लच चांगला असूनही शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत राहतो.

परभणीकर: ‘जड’ हा शब्दही ठेवा, तो ‘पडत नाही’पेक्षा वेगळा आहे. गिअर पडतो, पण जोर लागतो. आमच्याकडं डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकड्यावर येतो, तेव्हा सकाळी गिअर ऑइल घट्ट असतं आणि दुसरा जड लागतो. १०-१५ मिनिटं चालवल्यावर मोकळा होतो. जुन्या मॅन्युअल फेरारींत तर ऑइल तापेपर्यंत दुसरा वगळून पहिल्यावरून थेट तिसरा टाकायची पद्धतच आहे. पोर्शे ९११ चा जुना ९१५ गिअरबॉक्स घाई केली की खरखरतो. त्यात दांडा न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबवून मग पुढं न्यायचा. हे दोष नव्हेत, त्या यंत्राचा स्वभाव आहे, म्हणून त्यांना ‘बिघाड’ म्हणू नये.

ऑइल बदलताना आधी वरचा भरायचा नट सैल होतो का ते बघा, मगच खालचा उघडा. वरचा नट जाम असला आणि ऑइल सांडून बसलं तर गाडी जागची हलत नाही. सपाट जागी, भोकातून ऑइल ओघळेपर्यंत भरायचं. आणि गाडीच्या माहितीपुस्तकात गिअर ऑइलची प्रत जीएल-४ लिहिली असेल तर ‘जास्त चांगलं’ म्हणून जीएल-५ भरू नका. पितळी रिंगला पकड लागते, ती जीएल-५ च्या निसरडेपणानं कमी होते, आणि त्यातली गंधकाची द्रव्यं पितळ खाऊ शकतात.

लातूरकर: मग तक्रारीचं नमुना वाक्य असं लिहितो: ‘गाडी उभी, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबलेला, तरी पहिला पडत नाही, इंजिन बंद केल्यावर पडतो.’

वाळूजकर: ‘क्लच पूर्ण दाबलेला’च्या जागी ‘पेडल तळाला टेकलेलं’ करा. आणि ‘सकाळी गार असताना’ की ‘तासभर चालवल्यावर’ तेही जोडा. तापल्यावर पेडल मऊ पडून गिअर पडेनासा होत असेल तर मिस्त्री आधी क्लचच्या डबीतलं तेल बघतील, गिअरबॉक्स उतरवायची वेळ येणार नाही.