वाय-फायवरून प्रवाशांचा माग : लंडनच्या भुयारी रेल्वेने केले ते योग्य होते का?

पांथस्थ (धागाकर्ता)

लंडनच्या भुयारी रेल्वेत प्रवासी आत शिरताना आणि बाहेर पडताना कार्ड टेकवतो. तो कुठे चढला आणि कुठे उतरला हे त्यावरून कळते. पण मध्ये त्याने गाडी कुठे बदलली, कोणत्या जिन्यापाशी तो खोळंबला, याचा पत्ता लागत नाही. म्हणून 'ट्रान्सपोर्ट फॉर लंडन' या तिथल्या वाहतूक संस्थेने २०१६च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चार आठवडे ५४ स्थानकांत एक प्रयोग केला. वाय-फाय सुरू असलेला फोन नेटवर्क शोधताना आपला मॅक पत्ता, म्हणजे त्या उपकरणाचा स्वतःचा ओळख-क्रमांक, हवेत सोडत असतो. स्थानकांतल्या ॲक्सेस पॉइंटांनी, म्हणजे वाय-फाय पुरवणाऱ्या यंत्रांनी, तो टिपला आणि सुमारे ५६ लाख उपकरणांच्या ५० कोटींहून अधिक नोंदी जमल्या. किंग्ज क्रॉस स्थानकाहून वॉटर्लू स्थानकाला जाणारी माणसे किमान १८ वेगवेगळ्या मार्गांनी जातात, हे त्यातून दिसले. जुलै २०१९पासून ही पद्धत कायमची लागू झाली.

माझ्या मते हे योग्यच झाले. ऑक्सफर्ड सर्कस स्थानकात संध्याकाळी गर्दी वाढली की प्रवेशद्वाराची जाळी ओढून घेतात आणि माणसे पावसात पदपथावर ताटकळतात. ही वेळ येण्याआधीच पर्यायी मार्ग सुचवता आला तर कोणाचे काय बिघडते? नोंदीत नाव नसते, दूरध्वनी क्रमांक नसतो, मॅक पत्ताही सांकेतिक रूपात बदललेला असतो. ज्याला हेही नको असेल त्याने वाय-फाय बंद ठेवावे.

निर्मोही

आपले शेवटचे वाक्य मला सर्वांत जास्त खटकले. त्या काळात भुयारात मोबाइलचे नेटवर्क जवळजवळ नव्हतेच. घरी "उशीर होतोय" एवढे कळवायचे तरी स्थानकातल्या वाय-फायशिवाय सोय नव्हती. ती सोय सोडा नाहीतर नोंद होऊ द्या, असा पर्याय देणे याला संमती म्हणत नाहीत. भिंतीवर सूचना लावली होती हे मान्य. पण सरकत्या जिन्याकडे धावणारा माणूस किती सूचना वाचतो, हे दादरच्या पुलावरून रोज जाणाऱ्या कोणालाही विचारावे.

शिवाय हेतू केवळ गर्दीचा नव्हता. प्रयोगाच्या २०१७च्या अहवालात जाहिरातींच्या जागा आणि दुकानांची भाडी यांतून उत्पन्न वाढवण्याचा लाभही मांडला होता. त्याच शहरात २०१३ साली एका जाहिरात कंपनीच्या रस्त्यावरच्या कचरापेट्या येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन टिपत होत्या, तेव्हा सिटी ऑफ लंडन या तिथल्या स्थानिक प्रशासनाने ते थांबवायला लावले. कचरापेटीने केले तर आगळीक आणि स्थानकाने केले तर नियोजन, हा न्याय मला समजत नाही.

अर्धवट अभियंता

तंत्राच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. मॅक पत्ता ४८ बिटांचा असतो, म्हणजे संभाव्य पत्ते मर्यादितच असतात. त्यामुळे तो नुसता हॅश केला, म्हणजे ठरावीक सूत्राने सांकेतिक रूपात बदलला, तर सगळे संभाव्य पत्ते चालवून पाहून मूळ पत्ता शोधणे आजच्या यंत्रांना मुळीच अवघड नाही. हॅश करताना त्यात एक गुप्त मूल्य, म्हणजे 'सॉल्ट', मिसळावे लागते. ते कोणाच्या हाती आहे आणि किती दिवस टिकते, यावर सगळी भिस्त आहे. दुसरे असे की २०१४च्या आयओएस ८ या प्रणालीपासून आयफोन नेटवर्क शोधताना खोटे, बदलते पत्ते देऊ लागले. असे पत्ते मागावर ठेवता येत नाहीत, म्हणजे मुख्यतः वाय-फायला जोडलेलेच फोन मोजले जातात. साधा फोन वापरणाऱ्या आजीबाई या हिशेबात नाहीतच, आणि जिन्यावर सर्वांत जास्त वेळ त्यांनाच लागतो.

परळकर

निर्मोही, २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. पाऊस होता, लोक पुलावर थांबले, मागून गाड्यांचे लोंढे येत राहिले. त्या सकाळी पुलावर किती माणसे साचली आहेत हे नियंत्रण कक्षाला दिसले असते, तर फलाटावरच लोकांना थोपवता आले असते. अशा वेळी मॅक पत्त्याची काळजी मला चैनीची वाटते.

निर्मोही

परळकर, आपले दुःख मी नाकारत नाही. पण तो पूल अपुरा आहे हे रोजच्या प्रवाशाला ठाऊक होते, तक्रारीही झाल्या होत्या. उणीव माहितीची नव्हती, रुंद पुलाची होती. आणि पुलावर *किती* माणसे आहेत हे कॅमेऱ्यावरूनही मोजता येते. त्यासाठी *कोणता* फोन काल कुठे होता हे जाणायची गरज नाही.

पांथस्थ (धागाकर्ता)

'किती' आणि 'कोणता' हा भेद माझ्या लेखात निसटला होता, तो मान्य करतो. तरी गाडी बदलण्याचा मार्ग कळायचा तर एकच फोन दोन स्थानकांत ओळखता यावा लागतो, निदान त्या प्रवासापुरता. कॅमेऱ्यावरून नुसती डोकी मोजून ते जमणार नाही. सॉल्ट रोज मध्यरात्री बदलून जुना नष्ट केला, तर आजचा प्रवास कळेल आणि उद्याचा त्याला जोडता येणार नाही. जाहिरातीचा हेतू मात्र वगळावा, एवढी दुरुस्ती मी माझ्या मतात करतो.

निर्मोही

आणि सॉल्ट खरोखर नष्ट झाला की नाही, हे संस्थेबाहेरचे कोण तपासणार?