गणितात गाडी अडली की काय करता? (अनुभव धागा)

राजहंसगड
जुलै लागला. पहिली पीयूचं (कर्नाटकातली अकरावी) त्रिकोणमिती सुरू झालं की दहावीला चांगले मार्क पडलेली मुलंसुद्धा 'गणित सोडू काय' म्हणायला लागतात. काल शहापुरात वह्यांच्या दुकानात दोघांचं हेच चाललेलं कानावर पडलं आणि जुनं सगळं आठवलं. ते इथं उगाळत नाही. तुम्हीही रडकथा आणि मार्क बाजूला ठेवा. वही उघडवत नाही तेव्हा नेमकं काय केल्यावर गाडी हलते, तेवढंच लिहा.

माझ्याकडून एवढंच. बसल्या बसल्या नवीन धडा उघडू नये. आधी कालचंच एक सुटलेलं उदाहरण, उत्तर झाकून, कोऱ्या पानावर. पाच-सात मिनिटांत हात चालू होतो, मग नवीन. आणि उठताना उदाहरण अर्धं ठेवून उठा, पुढची ओळ काय येणार ते पेन्सिलीनं लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करू हा प्रश्नच राहत नाही.

मलप्रभा
'मन लागत नाही' म्हणणाऱ्यांचं मन बहुतेक वेळा ठीक असतं हो. खालचं काहीतरी निसटलेलं असतं. दहावीचं वर्गसमीकरण घ्या: एक्स वर्ग वजा ५ एक्स वजा २४. रीत तोंडपाठ असते, तरी पोरगं दहा मिनिटं पेन चावत बसतं. कारण गुणाकार वजा २४ आणि बेरीज वजा ५ देणारी जोडी (वजा ८ आणि ३) सुचत नाही. ही अडचण दहावीची नाहीच, पाचवी-सहावीची आहे. त्यावर दहावीची आणखी वीस उदाहरणं सोडवायला लावली की पोरगं वैतागणारच.
उपाय: २४, ३६, ४८, ६०, ७२ यांच्या सगळ्या अवयवजोड्या रोज न बघता लिहायच्या. ६० च्या सहा आहेत: १-६०, २-३०, ३-२०, ४-१५, ५-१२, ६-१०. आठवडाभर पुरे.
कुठं निसटलंय ते कळत नसेल तर एकेक इयत्ता मागे जात प्रत्येकीची चार-चार उदाहरणं द्या. चारपैकी तीन सुटली की थांबा, तिथून वर चढा.

कुडचीकर
पाढे तीसपर्यंत पाहिजेतच. मोबाईलवाल्या पोरांना सांगून उपयोग नाही.

उचगाव कट्टा
झालं, अण्णा सुरू झाले. आता पावकी, निमकी पण काढा की.

मलप्रभा
अण्णा, पाढे पंधरापर्यंत पक्के आणि वर्ग तीसपर्यंत. दहावी निघते तेवढ्यावर.

गणिताच्या बाई
चुकांची वही ठेवा. तीन रकाने: उदाहरण, कितव्या ओळीत घसरलं, चुकीचा प्रकार. प्रकार चारच: चिन्ह, अपूर्णांक, प्रश्न चुकीचा वाचला, रीतच सुचली नाही. दोन आठवड्यांनी मोजा. पहिल्या दोनमध्येच ढीग दिसला तर धडा कळलाय, हात घसरतोय. मुलाला हे कागदावर दिसलं की 'मला गणित येतच नाही' हे तो छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

घसरायच्या जागाही ठरलेल्या. (एक्स अधिक ३) भागिले ३ मधले वरचे-खालचे ३ उडवून 'एक्स' लिहिणे. एक्सच्या जागी ६ घाला, ९ भागिले ३ म्हणजे ३ येतात, ६ नाही. ९ अधिक १६ चं वर्गमूळ ३ अधिक ४ लिहिणे. ते २५ चं वर्गमूळ, म्हणजे ५. कंसाबाहेर वजा आणि आत २ एक्स वजा ५ असेल तर कंस सोडताना वजा ५ चं अधिक ५ होतं, तिथं निम्मा वर्ग पडतो.
ओळीवर संशय आला की वरच्या आणि खालच्या ओळीत एकच छोटी संख्या घालून बघा. ० आणि १ घेऊ नका, ते खोटं खपवतात.

कणकुंबीचा पाऊस
० आणि १ खोटं खपवतात, हे भारी. बाई, इकडं लाईट नाही, फोनला वीस टक्के आहे म्हणून थोडक्यात विचारते. लावणीच्या दिवसांत पोरं चिखलात असतात, वही कुठली? महिनाभरात सगळं विसरतात.

गणिताच्या बाई
चिखलात वही नकोच. तोंडी चालणारं द्या. ०, ३०, ४५, ६०, ९० अंशांचे साइन: ०, १, २, ३, ४ यांची वर्गमुळं, प्रत्येकाला भागिले २. कॉससाठी हीच रांग उलटी. टॅन म्हणजे साइन भागिले कॉस, म्हणून ९० ला खाली शून्य येऊन अडतं. रोप लावता लावता होतं हे. संध्याकाळी तीनच उदाहरणं, जास्त नको. दमलेल्या पोराला दहा दिली की एकही होत नाही.

उचगाव कट्टा
लावणी आटोपली काय तिकडं? आमची रताळी लावून झाली.

कणकुंबीचा पाऊस
अर्धी झाली. माणसं मिळत नाहीत.

तिसरं गेट
राजहंसगड, त्या दोघांसाठी. दहावीपर्यंत कोन ० ते ९० आणि काटकोन त्रिकोण. पीयूत एकदम १२० अंशांचा कॉस येतो, त्रिकोण कुठं बसवायचा कळत नाही, आणि पोरं सगळं पाठ करायला लागतात. तिथंच हुरूप जातो.
आलेख कागदावर १० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, केंद्र शून्यावर. कोनमापकानं ३० अंशांची त्रिज्या ओढा. टोकापर्यंतचं आडवं अंतर ८.७ सेंमीच्या आसपास, उभं ५. दहानं भागा, कॉस आणि साइन मिळाले. आता १२० अंश. टोक डावीकडे गेलं, आडवं अंतर वजा ५, म्हणून कॉस वजा ०.५. उभं वरच आहे, साइन अधिकच. २१० आणि ३०० पण मोजा. अधिक-वजाचा तक्ता पाठ करावा लागत नाही. अर्ध्या तासाचं काम, पण वर्गात कुणी करून घेत नाही.
रेडियनचंही तसंच. त्रिज्येएवढा दोरा वर्तुळावर टेकवा, समोरचा कोन एक रेडियन, ५७ अंशांच्या थोडा वर.

निपाणी नाका
मराठी माध्यमातून गेलेल्यांना पीयूत पहिले दोन महिने गणितापेक्षा इंग्रजीच नडते. शब्दांच्या याद्या पाठ करून काही होत नाही. दहावीचं इंग्रजी माध्यमाचं पुस्तक आणा. उदाहरणं ओळखीची, उत्तरं माहिती, मग इंग्रजी वाक्य काय विचारतंय ते आपोआप लागतं. रोज शाब्दिक उदाहरणं दोन, सोडवायची नाहीत, फक्त समीकरण मांडायचं. मे महिन्यात केलं तर उत्तम, जुलैत पण चालतं.

उचगाव कट्टा
मे महिन्यात आंबे कोण खाणार मग

दुसरी पीयू पालक
मला गणितातलं काही येत नाही, तरी काय करू शकते?

मलप्रभा
वही समोर ठेवून 'ही ओळ वरच्या ओळीतून कशी आली' एवढं विचारा ताई. तुम्हाला कळलं नाही तरी चालतंय. सांगताना जिथं तो 'तसंच असतं ते' म्हणेल, तिथं त्यालाही कळलेलं नाही. त्या ओळीवर खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी सरांना तेवढंच विचारायचं. 'धडा कळला नाही' म्हटलं की सर धडा परत वाचतात. ओळ दाखवली की दोन मिनिटांत काम.

आणि अडल्यावर लगेच गाईड उघडू देऊ नका. वीस मिनिटं स्वतः, मग उत्तर कागदानं झाकून एकच ओळ उघडायची, परत पेन. पुन्हा अडलं तर अजून एक ओळ. पूर्ण उत्तर वाचलं की कळल्यासारखं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी पाटी कोरी.

तिसरं गेट
दुसरी पीयू असेल तर इंटिग्रेशनसाठी चिठ्ठ्या. बारा चिठ्ठ्यांवर वेगवेगळ्या स्वाध्यायांतली बारा उदाहरणं, डब्यात घाला. एकेक उचलून फक्त रीत बोलायची: सब्स्टिट्यूशन, बाय पार्ट्स की पार्शियल फ्रॅक्शन. सोडवायचं नाही. एका स्वाध्यायात सगळी एकाच रीतीची असतात, त्यामुळे डोकं न वापरता सुटतात आणि पेपरात मात्र कुठून धरू कळत नाही. साइन वर्ग दिसला की आधी '१ वजा कॉस २ एक्स, भागिले २' करून घ्यायचं, हे चिठ्ठ्यांमुळेच हाताला बसतं.
कर्नाटकच्या सीईटीचं (प्रवेश परीक्षा) घड्याळ लगेच लावू नका. ६० प्रश्न, ८० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ८० सेकंद. धडा कच्चा असताना ही शर्यत लावली की पोरगं खचतं. आधी वेळ न लावता २० पैकी १५ बरोबर यायला लागू देत. चुकीला मार्क कापत नाहीत, पर्याय घालून बघायची सवय मात्र आत्तापासून लावा.

बीएस्सी चन्नम्मा
डिग्रीवाल्यांसाठी पण लिहा कुणीतरी. ॲनालिसिसच्या सिद्धता पाठ करून वीट येतो.
बरं, मीच लिहिते. प्रमेयातली एकेक अट काढून टाका आणि ते मोडतंय काय बघा. बंद अंतरालावर सलग फलनाला कमाल किंमत मिळतेच. 'बंद' काढा: ० ते १, दोन्ही टोकं वगळून, १ भागिले एक्स. शून्याकडे जाताना वाढतच जातं, कमाल नाहीच. मग सिद्धतेत 'बंद' नेमकं कुठल्या ओळीत वापरलंय ते शोधा. ती ओळ सापडली की बाकीची सिद्धता मागून येते.

कुडचीकर
हे सगळं ठीक. अगदी बंद पडलेल्या पोराला अभ्यास देऊच नका, एक दिवस ६१७४ द्या. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. आलेल्या उत्तराला परत तेच. ३५२४ घ्या: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात वेळा, येणार तिथंच. हे शोधणारे द. रा. कापरेकर (जन्म १९०५, डहाणू), देवळालीला शाळेत मास्तर. वजाबाकीचा सराव होतो तो फुकटात.

कणकुंबीचा पाऊस
लाईट आली. अण्णा, पोरानं २१११ घेतलं. २१११ वजा १११२, आले ९९९. तीनच अंक राहिले, आता?

कुडचीकर
पुढचं शून्य सोडायचं नाही, ०९९९ धरा. ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१. मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. सांगू नका, त्याला करू दे.

कणकुंबीचा पाऊस
वाचलं की त्यानं.