विंडोज आणि उबंटू दोन्हींवर चालणारा हलका कोड एडिटर सुचवा (४ जीबी रॅम)

बोरीकाठ
नमस्कार. मी अमळनेरला बीएस्सी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅबमध्ये उबंटू (लिनक्स) आणि घरी भावाचा जुना विंडोज १० लॅपटॉप, रॅम ४ जीबी. सी आणि पायथन या भाषा चालू आहेत. दोन्हीकडे सारखाच वापरता येईल असा एडिटर हवाय. कोडमधल्या कॉमेंट (टिपा) मी मराठीत लिहिते. नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. लॅपटॉपची बॅटरी गेलीय, त्यामुळे लाईट गेली की लिहिलेलं सगळं जातं. नोटपॅड प्लस प्लस आवडला होता, पण तो विंडोजपुरताच आहे.

पांझरेचं पाणी
ताई, जीनी (Geany) घ्या. २००५ पासून आहे, मुक्त स्रोत, फुकट, आणि ४ जीबीत निवांत चालतो. विंडोजचा इन्स्टॉलर त्यांच्याच साईटवरून उतरवा. उबंटूवर नेहमीच्या सॉफ्टवेअर यादीतच मिळतो. एफ९ ने बिल्ड, एफ५ ने रन, दोन्हीकडे तेच.

एक लक्षात ठेवा, जीनीसोबत कंपायलर (सीच्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन) येत नाही. विंडोजवर जीसीसी हा सीचा कंपायलर वेगळा टाकायचा (एमएसवायएस२ या सॉफ्टवेअर संचातून घेता येतो) आणि त्याचा बिन फोल्डर पाथमध्ये (विंडोज प्रोग्राम जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) घालायचा. पायथन टाकताना पहिल्याच पानावर पाथची चौकट असते, तिथे टिक करा. धुळ्याला मी पोरांना शिकवतो. ‘एडिटर चालत नाही’ म्हणत येतात, तेव्हा बहुतेक वेळा पाथच राहिलेला असतो.

लाईटचं म्हणाल तर टूल्समध्ये प्लगइन मॅनेजर उघडा, ‘सेव्ह ॲक्शन्स’ चालू करा आणि त्यात ऑटो सेव्ह लावा. फाईलला आधी नाव देऊन ठेवा.

भुसावळ जंक्शन
मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड एडिटरचं नाव कसं नाही आलं? २०१५ पासून आहे आणि चुका दाखवण्यात, डीबगिंगमध्ये जीनीच्या कितीतरी पुढे. मायक्रोसॉफ्टला माहिती जायला नको असेल तर त्याच कोडवरून बनवलेला व्हीएसकोडियम आहे.

पांझरेचं पाणी
भाऊ, एडिटर उत्तमच आहे, मी स्वतः वापरतो. पण तो इलेक्ट्रॉनवर बनलाय, म्हणजे आत अख्खं क्रोमियम ब्राउझर चालतं. शिवाय सी, पायथनची एक्स्टेन्शनं वेगळी उतरवायची. हॉटस्पॉट आणि ४ जीबीवर ताईंना तो जड जाईल. ८ जीबीचा लॅपटॉप आला की जरूर घ्यावा.

भुसावळ जंक्शन
हे पटलं. मग जीनीतच दोन गोष्टी आधी लावून घ्या. इंडेंटसाठी (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) तो मुळात टॅब वापरतो. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन स्पेसेस करा, रुंदी ४. एकाच ब्लॉकच्या इंडेंटमध्ये टॅब आणि स्पेस मिसळले की पायथन टॅबएरर देऊन थांबतं. दुसरं, नव्या फाईलचं लाईन एंडिंग (ओळ संपल्याची खूण) एलएफ, म्हणजे लिनक्सच्या पद्धतीचं ठेवा. विंडोजच्या सीआरएलएफ खुणेमुळे शेल स्क्रिप्ट (टर्मिनलच्या आज्ञांची फाईल) उबंटूवर ‘बॅड इंटरप्रिटर’सारखा एरर देऊन अडते.

बोरीकाठ
धन्यवाद दादा! जीनी टाकला, सीचा प्रोग्राम चालला. मराठी कॉमेंट घरी नीट दिसतात. लॅबमध्ये चौकोन दिसले तर?

पांझरेचं पाणी
खाली स्टेटस बारमध्ये यूटीएफ-८ (मराठीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) दिसतंय ना? मग फाईल ठीक आहे, त्या मशीनवर देवनागरी फॉन्ट नाही. सरांना सांगून नोटो किंवा लोहित देवनागरी टाकून घ्या.