आजकालची पोरं आपल्यापेक्षा इतकी फास्ट कशी पोहतात?

गिरणाकाठ:
माझी लेक बारा वर्षांची आहे, जळगावला टँकवर जाते. परवा सरांनी ५० मीटर फ्रीस्टाईलचा टाइम घेतला, ३६ सेकंद. मी १९९४ ला चौदा वर्षांचा असताना शालेय स्पर्धेत ३८ मध्ये आलो होतो आणि तेवढ्यावर गावात नाव झालं होतं. मी शिकलो विहिरीत, आबांनी कमरेला रिकामा डबा बांधून पायरीवरून ढकललं, चौथ्या दिवशी डबा सुटला. शेतातल्या कामाने दंड भरलेले होते माझे, पोरगी तर काडीसारखी आहे, मग ही पुढे कशी? कॉस्च्युममुळे का?

भुसावळकर:
कॉस्च्युमचं म्हणाल तर २००९ मध्ये रोमच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला त्या अंगभर, रबरासारख्या पॉलियुरेथेन कॉस्च्युममध्ये ४३ वर्ल्ड रेकॉर्ड झाले आणि २०१० पासून त्यावर बंदीच आली. तिथेच ब्राझीलच्या सिएलोने १०० मीटर फ्रीस्टाईल ४६.९१ सेकंदात मारलं होतं. तो रेकॉर्ड २०२२ ला त्याच रोमच्या पूलमध्ये रोमानियाच्या पोपोविचीने ४६.८६ करून मोडला, साध्या कापडी कॉस्च्युमवर, वय फक्त १७! पुढे पॅरिस ऑलिंपिकला चीनच्या पान झानलेने ४६.४० केलं, तो १९ चा. म्हणजे कॉस्च्युम गेला तरी वेग राहिला ना भो.

तापीचं पाणी:
दादा, तुम्ही टर्न कसा घ्यायचे ते आठवा. हाताने भिंत धरायची, श्वास घ्यायचा, मग वळायचं, बरोबर? आता पोरं भिंतीजवळ कोलांटी मारतात, दोन्ही पायांनी ढकलतात आणि पाण्याखालूनच डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून माशासारखी लाथ, मारत निघतात. वर पोहताना आपणच लाटा उठवतो आणि त्यातच ताकद जाते, खाली तो त्रास खूप कमी. १९८८ ला सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा बर्कॉफ बॅकस्ट्रोकला, म्हणजे उताणं पोहताना, पाण्याखालून इतका लांब जायचा की नियम करावा लागला, आता १५ मीटरच्या आत डोकं वर आलंच पाहिजे. ताकदीपेक्षा पाण्याला अडथळा कमी करणं हे मोठं, आणि हे पोरांना आठव्या-नवव्या वर्षीच शिकवतात.

गॉगलचंही सांगतो. ऑलिंपिकमध्ये गॉगल आला १९७६ ला, १९७२ ला अमेरिकेच्या स्पिट्झने १०० मीटर फ्रीस्टाईल ५१.२२ केलं ते उघड्या डोळ्यांनी. क्लोरीनच्या पाण्यात डोळे लाल झाल्यावर किती तास सराव करणार? आज त्याच शर्यतीचा बायकांचा रेकॉर्ड ५१.७१ आहे, स्वीडनच्या सियोस्ट्रोमचा. फक्त अर्ध्या सेकंदाचा फरक!

यावलची ताई:
मी पण विहिरीतलीच. विहिरीत आपण डोकं वर ठेवून पोहतो, काठावर कोण आहे ते दिसायला पाहिजे म्हणून. डोकं वर की पाय खाली, आणि पाय खाली की सगळं अंग पाणी ढकलत जातं. माझ्या भाच्याला ही सवय मोडायला पूर्ण उन्हाळा गेला. तुमच्या लेकीला ती सवय लागलीच नाही, हाच तिचा फायदा. फक्त एक विनंती, बाराव्या वर्षी दर आठवड्याला टाइमच्या मागे लागू नका, या वयात खांदे कोवळे असतात, वाढ झाली की टाइम आपोआप उतरतो.

गिरणाकाठ:
ताई, अगदी बरोबर, आबा काठावरून तेच ओरडायचे, डोकं वर ठेव रे! काल मी टँकच्या कठड्याला बसून फक्त टर्न बघितला. भिंतीला पाय लागल्यावर दोन्ही हात कानाला चिकटवून निघाली, मी मोजल्या, चार किक, लेनच्या दोरीवरचे लाल मणी संपले तेव्हा कुठे वर आली, आणि पहिल्या हाताला श्वासही घेतला नाही. टाइमचं मी तिला काही विचारलं नाही. सरांना मात्र विचारलं की खांद्याचा व्यायाम काय करून घेता, ते म्हणाले रविवारी या, दाखवतो.