मरळ की रोहू? गळ टाकणाऱ्यांनो, रांधणाऱ्यांनो, अनुभव लिहा

धागाकर्ता, अमळनेर
परवा घरात यावरून जुंपली. मी मरळवाला, मोठे भाऊ रोहूवाले. आई म्हणाली, "साफ कराले तर मलेच लागस ना!" म्हणून पाण्यातलं लिहा, चुलीवरचंही लिहा. ऐकीव नको.

भुसावळ
वीस वर्षं हतनूर धरणाच्या फुगवट्यावर बसतोय, मासेमारीचा ठेका असलेल्या संस्थेला विचारूनच. रोहूला भुईमुगाची ढेप आणि कणीक, त्यात चिमूटभर हिंग. त्याचं तोंड खाली वळलेलं, ओठ झालरीसारखे. तो आमिष हिसकत नाही, चोखतो. दोरीवर तरंगणारी मोरपिसाची काडी दोनदा नुसती शहारते, मग हळूच बुडते. त्याआधी हिसका दिला की गळ रिकामा. पण लागल्यावर सरळ खोल पाण्याकडे पळतो. पाच किलोच्या एका रोहूने मला पाव तास काठाने पळवलं. तेव्हापासून माझं मत रोहूलाच.

पारोळा
मरळ झडप घालते! गावतळ्यात पाणवेलीच्या कडेने रबरी बेडूक ओढायचा. नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही, हवा घ्यायला ती वर येते आणि 'टप्प' आवाज होतो. तिथून हातभर पुढे बेडूक टाकायचा. पाणी उसळलं की हात आपोआप वर जातो, तिथेच चुकतं. वडील कानाशी म्हणायचे, "थांब भो, गिळू दे तिले."

नंदुरबार
मी गळ टाकत नाही, रांधते. मरळ बाजारात जिवंत मिळते. राखेने चोळल्याशिवाय चिकटपणा जात नाही, हातातून निसटते. पण काटे मोजके आणि मांस घट्ट, रस्स्यात तुकडा फुटत नाही. कांदा-खोबरं चुलीत भाजायचं, काळा मसाला, शेंगदाणा तेलाची तर्री, सोबत कळण्याची भाकरी. बाळंतपणात सासूबाईंनी मला मरळीचाच रस्सा दिला होता, त्याची चव अजून आठवते.
रोहूच्या पाठीत आणि शेपटीकडे बारीक दुफाट्याचे काटे असतात. म्हणून त्या तुकड्यांना जवळजवळ चिरा देऊन कडक तळते. लेकरांना पोटाकडचाच तुकडा, तिथले काटे मोठे, दिसतात.

भुसावळ
ताई, रोहूचं डोकं एकदा रस्स्यात टाकून बघा.

प्रकाशा
रोहू मूळचा उत्तरेकडच्या नद्यांचा. आपल्या धरणांत तो बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडल्यामुळे आहे. साचलेल्या तळ्यात त्याची वीण होत नाही, त्याला पुराचं वाहतं पाणी लागतं. 1957 साली हिरालाल चौधरींनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांची वीण करून दाखवली, तेव्हापासून माशांचं बीज केंद्रांत तयार होऊ लागलं. उद्या पुन्हा बोटुकली सोडता येते.
मरळीचं तसं नाही. ती तळ्यातच वीण करते आणि आई-बाप दोघं पिल्लांची राखण करतात. पावसाळ्यात लालसर पिल्लांचा घोळका वर दिसतो, खाली राखणदार असतो आणि जवळ आलेल्या कशावरही तुटून पडतो. म्हणून तो सहज लागतो. मी एका आषाढात तसाच काढला. दुसऱ्या दिवशी गेलो तर घोळक्याच्या जागी चार-दोन पिल्लं होती. त्यानंतर घोळका दिसला की मी गळ गुंडाळतो.

धागाकर्ता
प्रकाशावाले भाऊ, आमच्या तळ्यात आत्ता असाच घोळका आहे आणि रविवारी तिथेच बसायचं ठरलं होतं. आता बोरी नदीवर जाऊ. ही पिल्लं सुटी व्हायला किती दिवस लागतात, कोणी नीट पाहिलंय का?