आजोबांची बारा बोअर दुनळी : कोरी करून घ्यावी की आहे तशी ठेवावी? सोमवारपर्यंत सांगायचंय

संगमेश्वरकर
मदत हवी आहे आणि जरा घाईत हवी आहे. घरी आजोबांची दुनळी आहे, ग्रीनर या इंग्रज बंदूक कारखान्याची. निवडणुकीत जमा केली होती, पावसात कापडी गवसणीत राहिली. आता नळ्यांवर तांबूस गंज, दस्त्याचं वार्निश पांढरं पडलंय. दुकानदार म्हणतो आठ दिवसांत कोरी करून देतो : नळ्या बफ करून काळं ब्लुइंग (म्हणजे पोलादावर चढवतात तो काळा थर), दस्ता घासून पॉलिश, अठरा हजार. बाबांना ती खंडेनवमीच्या पूजेत चकचकीत हवी आहे. काका म्हणतात हात लावायचा नाही. सोमवारी होकार द्यायचाय. करावं का? हो की नाही एवढंच सांगा.

वैनगंगा
हो-नाही सांगता येणार नाही भाऊ, अर्धी माहितीच नाही. घोडे बाहेरचे की आतले? गंजाखाली नळ्यांवर काही नक्षी दिसते का? वापरात आहे की नुसती पूजेला? आणि नळ्यांच्या पोटाखालचे, दाबाच्या तपासणीचे ठसे वाचलेत का, त्यात इंग्रजी एन-पी आहे का? बंदूक बिजागरीतून उघडा, दोन्ही घरं (काडतूस बसतं ती जागा) रिकामी आहेत हे बोट घालून बघा, पुढचं लाकूड काढा, नळ्या उतरवा. ठसे मागच्या टोकाला सपाट भागावर असतात.

राजापूरचा_शेतकरी
बिनधास्त करून घ्या. मी २०१४ मध्ये करून घेतली, आजही झकास आहे. इकडे चार महिने भिंतीला पाणी सुटतं. मूळ रूप मूळ रूप करत बसलात तर गंज सगळं खाऊन टाकेल. डुकरं यंदा भातात एवढी शिरलीत की दोन रात्री झोप नाही. संगमेश्वर भागात काय परिस्थिती आहे?

लेथवाला
ब्लुइंग कोणतं, ते विचारलंत का दुकानदाराला? आठ दिवस म्हणतोय म्हणजे गरम, कॉस्टिक सोड्याच्या हौदातलं. एकनळीला ते चालतं. दुनळीच्या नळ्या आणि मधली पट्टी कथील-शिशाच्या डाखाने जोडलेली असते. हौदाचं तापमान १४० अंशांच्या आसपास असतं, त्यात डाख वितळत नाही, पण कॉस्टिक त्याला खातं. शिवाय क्षार पट्टीखालच्या पोकळीत शिरतात आणि तिथून निघत नाहीत. माझ्याकडे एकाने अशी दुनळी आणली होती. बाहेरून काळीभोर. पट्टीच्या कडेने पांढरी रेघ फुटलेली, नखाने खरवडली तर पिठासारखी भुकटी हाताला आली. आतून गंज चालूच होता.

दुनळीला गंजाचं ब्लुइंग करतात. सौम्य आम्ल लावून दमट हवेत हलका गंज चढू द्यायचा, साध्या पाण्यात उकळायचं, तांबडा गंज काळा होतो, बारीक तारेच्या लोकरीने झाडायचं, परत लावायचं. सहा-आठ वेळा. पाणी शंभर अंशांवर जात नाही, डाखाला धक्का नाही. पण तेही सगळ्या नळ्यांना नाही, म्हणून वैनगंगा विचारतात त्याचं उत्तर द्या.

मीनल_ठाणे
परवाना वडिलांच्या नावावर आहे ना? शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. पुढे तुमच्या नावावर करायची तर आत्तापासून कागद जमवा, आम्ही फार उशीर केला आणि बंदूक दीड वर्ष दुसरीकडेच जमा राहिली.

वैनगंगा
मीनलताई, हे त्यांनी विचारलेलं नाही. पण तुमच्यावरून आठवलं : बफच्या चाकाखाली नंबर पुसट झाला तर परवान्यावरच्या नंबराशी जुळणार कसा? शस्त्र कायद्यात नंबर घालवणं हा गुन्हा आहे. कोरीवकामही बफखाली पहिलं जातं.

संगमेश्वरकर
एवढं विचाराल असं वाटलं नव्हतं. परवाना बाबांच्या नावावर, पीकसंरक्षणाचा. घोडे आतले, सेफ्टी डाव्या बाजूला. वापरतात, वर्षातून दोन-चार बार, खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं शक्तिमान काडतूस. नळ्यांवर वळणावळणाची नक्षी आहे, मला ती गंजाचीच वाटली होती! ठशांत मुकुट आणि त्याखाली एकमेकांवर ठेवलेल्या दोन काठ्या. इंग्रजी एन-पी कुठेच नाही.

वैनगंगा
आधी बाबांना सांगा, आजपासून बार नाही. ती नक्षी म्हणजे दमास्कस नळी, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, एकजीव करून गुंडाळलेली. डाव्या बाजूची सेफ्टी ग्रीनरचीच खूण. काठ्या म्हणताय ते राजदंड, बर्मिंगहॅमच्या ठशांत असतात. बर्मिंगहॅमला १९०४ पासून बिनधुराच्या दारूसाठी मुकुटाखाली एन-पी, म्हणजे नायट्रो प्रूफ, मारू लागले. तो नाही म्हणजे ही काळ्या दारूवर तपासलेली समजायची. आजचं काडतूस बिनधुराच्या दारूचं, त्याचा दाब हिच्यावर तपासलेलाच नाही. घराची लांबीही मोजून घ्या : जुन्या बंदुकी बहुतेक ६५ मिमीच्या, त्यात ७० मिमीचं काडतूस बसतं, पण उघडताना तोंड पुढच्या अरुंद भागात जाऊन दाब वाढतो.

राजापूरचा_शेतकरी
आजोबांनी आयुष्यभर मारली, काही झालं नाही. उगाच घाबरवू नका.

लेथवाला
आजोबांच्या वेळी नळी जेवढी जाड होती तेवढी आज आहे का? आतून गंजाचे खड्डे पडले असतील, तर ते घासून काढताना भिंत अजून पातळ होते. दमास्कस सगळी वाईट नसते, एन-पीचा ठसा मिळालेल्याही आहेत. पण ठसा नाही, गंज आहे आणि जाडी मोजलेली नाही, अशा नळीमागे स्वतःचा गाल कोण लावेल?

आणि अशी नळी काळी करायचीच नसते. तिला तपकिरी रंग चढवतात, लोखंड आणि पोलाद तो वेगवेगळा घेतात म्हणून नक्षी उठते. गरम हौदात नक्षी बुडते.

अक्रोड
दस्त्याकडे कुणीच बघत नाही. ते वार्निश मूळचं नसणार, ग्रीनरचा अक्रोड तेल पाजलेला असतो. कुणी सुताराने नंतर फासलं असेल. ते काढलं तर मूळ काही बिघडत नाही. पण पॉलिशपेपर नको. लाकूड धातूच्या पातळीखाली गेलं की कायमचं गेलं आणि पकडीवर कोरलेल्या जाळीची टोकं मोडतात. दबलेले खड्डे ओल्या फडक्यावर गरम इस्त्री टेकवून वर येतात. मग जवसाचं तेल, तळहाताने, अगदी पातळ, दिवसाआड.

संगमेश्वरकर
दुकानदाराला नाही सांगितलं, रागावला. बाबांशी काल रात्री बसलो. लेथवाल्यांनी व्यनिमध्ये (खासगी निरोपात) सांगितलं तसं तेल लावून जुन्या भोकाच्या पैशाच्या नाण्याच्या कडेने वीतभर गंज हलक्या हाताने काढला. खाली तपकिरी वळणं, एकात एक, जानव्याच्या पिळासारखी. बाबा चष्मा लावून बघत राहिले. पूजेत अशीच ठेवू म्हणाले. काडतुसं कपाटात बंद.

पट्टीच्या कडेला केसाएवढी फट दिसते आहे. तिथे तेल जाऊ द्यावं की नको?

लेथवाला
थांबा, तेल नको. नळ्या सुट्या करून मागच्या हुकाला दोरी बांधून टांगा आणि नखाने टिचकी मारा. घंटेसारखा आवाज घुमला तर डाख शाबूत.

संगमेश्वरकर
मारली. बद्द वाजतं आहे. टोकाकडे जास्त. डाख परत घालून देणारं, गरम हौदात न बुडवणारं, दुरुस्तीचा परवाना असलेलं कुणी पुणे-कोल्हापुरात माहीत आहे का?

राजापूरचा_शेतकरी
माझ्याही नळ्यांना टिचकी मारली आत्ता. तुमचा आवाज नक्की कसा येतो ते जरा सांगाल का?