शब्दचर्चा: ‘रेंडरिंग’साठी एक शब्द की तीन?

ऐरोलीकर:
ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहितोय. सतत बदलणारी व्हेक्टर चित्रं ब्राउझरमध्ये न अडखळता कशी दिसतील, हा विषय. उदाहरणाला ट्रान्स-हार्बर लोकलमार्गाचा नकाशा घेतलाय: ठाणे ते वाशी रूळ, स्थानकं आणि त्यांवरून सरकणारे गाड्यांचे ठिपके. व्हेक्टरला ‘सदिश’ लिहिलं, ‘रेंडरिंग’पाशी, म्हणजे साठवलेल्या वर्णनावरून पडद्यावर चित्र उमटवणं, अडलोय. ‘प्रस्तुतीकरण’ चालेल?

कोपरीकर:
प्रस्तुतीकरण नको, त्याने सभेतल्या स्लाइड्स आठवतात. ‘चित्रांकन’ बघा. आणि ‘सदिश’ म्हणजे परिमाण आणि दिशा असलेली राशी. इथे आकार बिंदू-रेषांच्या वर्णनातून साठवलाय, एवढंच सांगायचंय. ‘व्हेक्टर’च राहू द्या.

घणसोलीकर:
चित्रांकन चांगला शब्द आहे, पण एकाच शब्दाने भागवणं मला पटत नाही. ब्राउझर इथे वेगवेगळी कामं करतो. कुठला आकार कुठे आणि केवढा, ही मांडणी. मग त्याचे पिक्सेल भरणं, म्हणजे रंगवणं. शेवटी रंगवलेले थर एकावर एक ठेवून पडद्यावर पाठवणं, ती जुळणी. 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर एका फ्रेमला (एका चित्राला) साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात आणि जावास्क्रिप्टच्या कोडसकट सगळं त्यातच उरकावं लागतं. ‘रेंडरिंग स्लो आहे’ म्हटलं की पुढे काय करायचं ते कळत नाही. ‘रंगवण्यात वेळ जातोय’ म्हटलं की कुठे बघायचं ते कळतं.

तुमचाच नकाशा घ्या. रूळ आणि ठिपके एकाच एसव्हीजीत (वेबवरच्या व्हेक्टर चित्राच्या फाइलप्रकारात) असतील, तर रबाळ्याहून ठिपका पुढे सरकला की त्याच्या जुन्या आणि नव्या जागेभोवतीचा भाग पुन्हा रंगवावा लागतो. त्या भागातून जाणारा रुळाचा लांबलचक पाथही (बिंदू जोडून काढलेली रेषाही) त्यात येतो, जरी रूळ तसूभर हललेला नसला तरी. म्हणून रूळ-स्थानकं खालच्या थरात एकदाच रंगवून ठेवा, ठिपके वरच्या वेगळ्या थरात. पाथमध्ये बिंदू फार असतील तर डग्लस-प्यूकर पद्धतीने (आकार फारसा न बिघडवता रेषेतले बिंदू गाळणारी, 1973 ची आहे, अजून उत्तम चालते) आधीच कमी करून घ्या. ठिपके हजारोंनी झाले तर वरचा थर कॅनव्हासवर (कोडने थेट पिक्सेल रंगवायच्या पटलावर) न्या. एसव्हीजीत प्रत्येक ठिपक्यासाठी डॉममध्ये (ब्राउझरने ठेवलेल्या पानाच्या घटकांच्या रचनेत) एक घटक सांभाळावा लागतो. कॅनव्हास पिक्सेल भरून मोकळा होतो.

मांडणीतही वेळ जातो. लूपमध्ये, म्हणजे फिरून फिरून चालणाऱ्या कोडमध्ये, एका ठिपक्याची चौकट मोजायची, लगेच दुसऱ्याची जागा बदलायची, असं केलं की प्रत्येक मोजणीला ब्राउझर मांडणी नव्याने करतो. आधी सगळी मोजणी, मग सगळे बदल.

कोपरीकर:
तीन शब्द पटले, पण ‘जुळणी’ बदला. छापखान्यात अक्षरजुळणी म्हणजे खिळे (शिशाची अक्षरं) लावणं. जुन्या वाचकाला ती मांडणीच्या जवळची वाटेल. ‘थरजोडणी’ म्हणा.

घणसोलीकर:
थरजोडणी मान्य, जास्त नेमका आहे.

ऐरोलीकर:
छान, हेच घेतो. सर्व्हरकडून एका फ्रेममध्ये पाच-सहा संदेश आले तर प्रत्येक वेळी रंगवायचं का?

घणसोलीकर:
नको. प्रत्येक गाडीची ताजी जागा तेवढी नोंदवून ठेवा आणि रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेमच्या कॉलबॅकमध्ये (पुढची फ्रेम रंगवण्याआधी ब्राउझर बोलावतो त्या फंक्शनमध्ये) एकदाच रंगवा. मधल्या जागा कुणाला दिसणारच नव्हत्या. आणि ‘फ्रेम’ला प्रतिशब्द शोधू नका, मुलं तोच शब्द बोलतात.